हिरवाई सोसायटीचा पासवर्ड

कॉम्प्युटरला माणसाचा अपमान करायचा असला, तर तो आवाज चढवत नाही. पडद्याच्या मधोमध एक चौकट आणतो आणि नम्रपणे म्हणतो, 'पासवर्ड टाका.' आपण टाकतो. चौकट जाते. आपण चष्मा सारखा करून खुर्चीत मागे टेकतो न टेकतो, तोच ती परत येते आणि तितक्याच नम्रपणे म्हणते, 'पासवर्ड टाका.' शिपायानं आत जाऊन यावं आणि 'साहेब तुम्हाला ओळखत नाहीत म्हणाले' असं सांगावं, तसं वाटतं.

मी अनंत विशे. शहापूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि मराठीचे तास पुरेसे भरत नाहीत म्हणून माहिती तंत्रज्ञानही शिकवतो. ही दुसरी विद्या मला ठाण्याच्या एका प्रशिक्षण शिबिरात मिळाली. तिथे दुपारच्या जेवणात श्रीखंड होतं, एवढं मी आजही खात्रीनं सांगू शकतो. पण त्या शिबिरामुळे मी आमच्या हिरवाई सोसायटीत 'कॉम्प्युटरवाले सर' झालो आणि घरात टेबलावर कॉम्प्युटर असलेला एकमेव सभासद म्हणून सचिवही झालो. सोसायटीचे सगळे मेल माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या प्रोग्रामात येतात. तो प्रोग्राम त्या सोमवारी मला ओळखेनासा झाला.

एरवी मी मनावर घेतलं नसतं. सोसायटीला येणारे निम्मे मेल लिफ्ट विकणाऱ्यांचे असतात आणि आमची इमारत दुमजली आहे. पण या वेळी पाण्याचा प्रश्न होता. तानसा, भातसा ही धरणं आमच्याच तालुक्यातली. त्यांचं पाणी जाडजूड नळांतून आमच्या डोळ्यांदेखत मुंबईला जातं आणि आम्ही त्या नळांना पाठ टेकून टँकरची वाट बघतो. आमच्या बोअरला दिवाळीपर्यंतच पाणी असतं. म्हणून सोसायटीनं नळजोडणीसाठी अर्ज केला होता. कोणत्या कार्यालयात केला ते सांगत नाही, कारण नळ अजून यायचाय.

तर त्या सोमवारी मी सहज त्या कार्यालयात डोकावलो. टेबलामागच्या गृहस्थांनी वर न बघताच सांगितलं, "हिरवाई ना? तुम्हाला मेल केलाय."

"काय म्हटलंय त्यात?"

"ते मेलमध्ये आहे."

"मेल उघडत नाहीये सकाळपासून. तुम्ही तोंडी सांगितलंत तर—"

"तोंडी सांगायला मेल कशाला केला असता? लवकर बघा मात्र. तारीख दिलीय."

"कधीची?"

"ते पण मेलमध्येच आहे."

मी म्हणालो, मग दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, माझ्या स्वतःच्या. ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. पत्ता बदलायची सोय आहे, म्हणाले. त्यासाठी फक्त एक विनंतीचा मेल करायचा, नोंदणीकृत पत्त्यावरून. म्हणजे जो उघडत नव्हता त्याच्यावरून. कुलूप बिघडल्याची तक्रार आतल्या पेटीत टाकायची, असा हा न्याय होता. पण समोरचा माणूस तो इतक्या प्रसन्नपणे सांगत होता की मीच ओशाळून बाहेर आलो.

घरी येऊन पुन्हा पासवर्ड टाकला. सावकाश टाकला, एका बोटानं टाकला, दुसरीकडे बघत असल्यासारखं दाखवून पटकन टाकला. चौकट बधली नाही. आमच्या सौ. दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्याला नक्की काय हवंय ते वाचलंत का? खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय."

"ते नेहमीचंच असतं," मी म्हणालो. 'प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा' हे वाक्य मी वर्गात रोज म्हणतो. पण ते मुलांसाठी असतं.

बातमी इमारतभर पसरली, कारण दर्शनानं ती गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितली. पहिले आले कोंडू काका. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून समोरच्या माणसाकडे गाडी लेट झाल्यासारखंच बघतात. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून त्याची उष्णता तपासली.

"मी काय म्हनतो सर, मशीन दमलाय. बंद करून ठेवा रातभर. आमच्या डेपोत गाडी गरम झाली का आमी तिला सावलीत लावायचो."

सावलीत लावला. सकाळी चौकट ताजीतवानी होऊन आली.

तळमजल्यावरच्या सुंदराबाई म्हणाल्या की घराच्या दक्षिणेला तोंड करून ठेवलेल्या वस्तू माणसाशी अशाच वागतात. टेबल फिरवलं. त्यात वायर निखळली आणि चौकट खरोखरच गेली, कारण पडदाच गेला. तेवढा अर्धा तास घरात शांतता होती.

शेवटी कॉम्प्युटर पिशवीत घालून बाजारपेठेतल्या संदेशच्या दुकानात नेला. संदेशचं दुकान म्हणजे 'कॉम्प्युटर क्लिनिक'. त्यानं डॉक्टरसारखी मान हलवली आणि व्हायरस असणार, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणाला. मी विचारलं, आतल्या वस्तूंना काही होणार नाही ना? तो म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका." मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीन परत मिळालं तेव्हा आतल्या वस्तूंना काहीही झालेलं नव्हतं, कारण आत वस्तूच नव्हत्या. नववीची चाचणी गेली, सोसायटीची इतिवृत्तं गेली, मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले. हे फोटो गेल्याचं घरी कळायला उशीर लागला नाही. प्रोग्राम मात्र संदेशनं पुन्हा टाकून दिला होता. तो सुरू केला, तर चौकट आली. आधी ती निदान माझं नाव धरून पासवर्ड विचारायची. आता म्हणाली, 'आपण कोण?'

रविवारी वरच्या मजल्यावरचा पंकज सापडला. हा ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला. सोम ते शनि आम्हाला फक्त त्याच्या बुटांचे आवाज येतात. तो येऊन बसला आणि त्यानं एक विचित्र गोष्ट केली. त्यानं खालची बारीक अक्षरं वाचली.

"सर, यात लिहिलंय की तुमचा पासवर्ड बरोबर आहे."

"मग?"

"जुन्या प्रोग्रामला तो आता चालत नाही. मेलवाल्यांनी नियम बदललाय. एक वेगळा पासवर्ड बनवावा लागेल. त्याआधी, किंवा थेट वेबसाइटवर उघडायचं तरी, ते तुमच्या मोबाइलवर कोड पाठवणार. शेवटी सत्तेचाळीस असलेला नंबर कुणाचा?"

दर्शनानं माझ्याकडे बघितलं. मी कोंडू काकांकडे बघितलं. काकांनी पंख्याकडे बघितलं.

हा नंबर सोसायटीचा होता. एका सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव केला की सोसायटीचा स्वतःचा मोबाइल असावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत कोंडू काकांनी विचारलं की ज्या फोनवर कोणी बोलत नाही त्याला रिचार्ज कशाला. प्रश्न इतका बिनतोड होता की टाळ्या पडल्या आणि रिचार्ज बंद करण्याचा ठराव एकमतानं झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. फोन मेला. आम्हाला वाटलं, मेलेला नंबर स्वर्गात जातो. पण कंपन्या तो दुसऱ्याला देतात.

मी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडून आधी बैलाच्या घुंगरांचा आवाज आला, मग माणसाचा.

"कोन?"

"नमस्कार. मी शहापूरहून विशे सर बोलतोय. शिक्षक आहे. तुमच्या मोबाइलवर आता एक कोड येईल, तो मला—"

"ओटीपी?"

"हो, तोच."

"नाय देनार."

"अहो, माझं ऐकून तर घ्या."

"फोनवरची बाई रोज सांगते, ओटीपी कोनाला देव नका. मागनारा चोर आसतो."

"पण मी मास्तर आहे."

"माझ्या भाच्याला फसवला तो पन मास्तरच सांगत व्हता."

तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. माझं हे शिक्षण नेमकं माझ्याच विरोधात कुणीतरी मनावर घेतलं होतं. मी पुन्हा पुन्हा विनवणी केल्यावर त्या माणसानं एवढंच कबूल केलं की तोंड बघून ठरवीन. त्याचं नाव लडकू. मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यातला. बैलजोडी घेऊन जवळच्या म्हसा गावी, म्हशाच्या जत्रेला गेला होता आणि जोडी विकली जाईपर्यंत तिथंच राहणार होता.

गुरुवारी मी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'पासवर्ड' लिहिता येईना, म्हणून 'घरगुती' लिहिलं. ठरलं असं की दर्शनानं घरी कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि मी फोन केला की कोड मागवायचं बटण दाबायचं. कोड लडकूच्या फोनवर येणार, मी तो वाचून दर्शनाला सांगणार. पंकजनं तिला सगळं कागदावर लिहून दिलं होतं. मी एकटाच जाणार होतो, पण एस.टी.च्या स्टँडवर कोंडू काका टोपी घालून हजर. "तुमाला बैलातला काय कळतं?" म्हणाले. मी म्हणालो, आपल्याला बैल घ्यायचा नाहीये. "म्हनूनच तर कळनारा मानूस बरूबर पायजे," ते म्हणाले. हे वाक्य मी मुरबाडपर्यंत मनात उलटंसुलटं करून बघितलं. काही उमगलं नाही.

म्हशाच्या जत्रेत माणूस शोधणं सोपं नाही. पाळणे, घोंगड्यांची दुकानं, मिठाईचे ढीग, आणि त्यांच्या पलीकडे मैदानभर बैल. फोन लागेना, म्हणून मी दिसेल त्याला "लडकू कुठे?" असं विचारत होतो. तीन वेगवेगळे लडकू भेटले, त्यातल्या एकानं तर मला ओळख नसताना चहा पाजला. आमचा लडकू एका आंब्याखाली सापडला. काटक, साठीच्या आसपासचा, पांढऱ्या बंडीच्या खिशात तो छोटा बटणांचा फोन. शेजारी त्याची बायको बाईजा चुलीवर भाकरी टाकत होती. लडकूनं माझं तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मास्तर वाटतो," तो बाईजाला म्हणाला.

"तो पन वाटतच व्हता," बाईजा म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी आधारकार्ड दाखवलं, शाळेचं ओळखपत्र दाखवलं. दोघांनी ती पाहिली आणि परत दिली. फोटोतला माणूस माझ्यासारखा दिसत नाही असं बाईजाचं मत पडलं. ते खरं आहे. मी पाण्याची हकिगत सांगू लागलो. नळ, अर्ज, मेल. लडकू शांतपणे ऐकत होता.

"तुमाला घरात नळ पायजे."

"हो."

"आमच्या पाड्याला बाया अजून झऱ्यावर जातात. तुमाला टँकर दारात येतो ना?"

"येतो."

"मग बराच हाय की तुमचा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. सचिव म्हणून मांडायचे माझे सगळे मुद्दे एकदम पातळ झाले.

तरी त्याचं मन वळत चाललं होतं असं मला वाटतं. पण तेवढ्यात कोंडू काका पलीकडच्या घोळक्यातून परत आले. तिथे बैलांचे सौदे चालले होते. दोघं हातावर उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळत नाही. काका म्हणाले, ही पद्धत मला पहिल्यापासून माहीत आहे. लडकू म्हणाला, माहीत आहे तर करून दाखवा. त्यानं हात पुढे केला, उपरणं टाकलं. काकांनी चेहरा गंभीर केला आणि खाली काहीतरी दाबलं. लडकूनं क्षणभर विचार केला.

"दिला," तो म्हणाला.

"काय दिला?" काका म्हणाले.

"बैल. डावीकडला."

भोवतीची चारदोन माणसं "दिला, दिला" म्हणाली. एकानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्यानं दावं सोडून काकांच्या हातात दिलं. बैलानं काकांकडे बघितलं. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात.

"मी फक्त दाखवत होतो," ते क्षीण आवाजात म्हणाले. एस.टी.च्या चाळीस गाड्या एका शिट्टीवर सोडणारा हा माणूस, पण दाव्याचं टोक हातात आल्यावर त्याचा आवाज पार गेला होता.

लडकू रागावला नाही, पण त्यानं फोन खिशात आणखी खोल सारला. "बोट दाबून शब्द फिरवनारा मानूस संगती आनलाव, आनि आकडा मागताव माझ्याकडं?"

मी माफी मागितली. वाक्य चांगलं जमलं होतं, दोन समास होते त्यात. कुणावर परिणाम झाला नाही. मग बाईजा उठली आणि हात पदराला पुसून म्हणाली, "शब्द मोडलाव तर दंड भरा. बैलांना पानी दावायचा हाय. टाकी हाय तिकडं खालच्या अंगाला. दोघं जा."

आणि हिरवाई सोसायटीचे सचिव व एक ज्येष्ठ सभासद दोन दोन डबे घेऊन टाकीकडे निघाले. ते बैल पाणी पितात की साठवतात असा मला प्रश्न पडला. आम्ही आणावं आणि त्यांनी एका श्वासात संपवून आमच्याकडे बघावं. चौथ्या खेपेला माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. वाटेत दहावीच्या जुन्या बॅचची नम्रता नवऱ्याबरोबर भेटली. "सर, तुम्ही?" म्हणाली. मी म्हणालो, कॉम्प्युटरचं काम आहे. तिनं डब्यांकडे बघितलं आणि नवऱ्याला हळूच काहीतरी सांगितलं.

शेवटी बाईजा म्हणाली, "दे त्यांना. चोर एवढा पानी नाय वाहत."

पण रेंज अजून नव्हती. एवढ्या गर्दीचे एवढे फोन, कुणाचाच लागत नव्हता. लडकू म्हणाला, टेकाडावर येते. आम्ही टेकाडावर चढलो. दर्शनाला फोन लागला. तिनं बटण दाबलं. कोड आला तो वाचेपर्यंत मुदत संपली. दुसरा मागवला, तो आलाच नाही. तिसऱ्या वेळी मात्र लडकूचा फोन वाजला. फोन हातात द्यायला तो तयार नव्हता. डोळ्यांपासून लांब धरून तो स्वतः एकेक आकडा वाचू लागला आणि मी तो दर्शनाला सांगू लागलो. खाली पाळण्याचा भोंगा ओरडत होता.

"आठ," मी म्हणालो.

"साठ?"

"आठ. आंब्यातला आ."

"अहो, थांबा जरा," दर्शना म्हणाली, "दारात दोन माणसं आलीयेत. पाण्याचं काहीतरी म्हणतायत."

"टँकरवाले असतील. सांग, नंतर या."

"टँकरवाले नाही वाटत. बूट घातलेत. एकाच्या हातात फाइल आहे."

"दर्शना, हा कोड आत्ता गेला तर मला परत बैल पाजावे लागतील. सांग त्यांना, घरात महत्त्वाचं काम चाललंय."

तिनं सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं. दार लागल्याचंही ऐकू आलं. मग आम्ही उरलेले आकडे पुरे केले, आणि ती म्हणाली, "गेली. चौकट गेली."

मी टेकाडावर उभा होतो. भिजलेली पँट, खाली अख्खी जत्रा. लडकूनं मला तंबाखू पुढे केली. मी खात नाही, तरी तो मान घेतला असं दाखवलं. कोंडू काकांनी माझी पाठ थोपटली. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की आपण काहीतरी मिळवलंय.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. कॉम्प्युटरसमोर दर्शना बसली होती. तिनं उठून मला खुर्ची दिली. पाण्याच्या कार्यालयाचा मेल उघडलेला होता. त्यात लिहिलं होतं, की नळजोडणीच्या संदर्भात आमचे दोन अधिकारी पुढील आठवड्यात गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता संस्थेस भेट देऊन पाण्याची निकड तपासतील, सचिवांनी जातीनं उपस्थित राहावं. त्याच्यावर आणखी एक मेल होता, त्याच दिवशी दुपारचा. तो एका वाक्याचा होता. 'प्रत्यक्ष पाहणीवेळी सचिव गैरहजर होते, व उपस्थित रहिवाशांस अन्य महत्त्वाचे काम असल्याने पाण्याची निकड दिसून आली नाही.'

"मी थांबा म्हणाले होते तुम्हाला," दर्शना म्हणाली. "बूट होते असंही सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांना सगळं सांगितलं, म्हशासकट. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं. "एवढं कशाला केलंत?" म्हणाले, "गुरुवारी पाहणी आहे हे मला माहीत होतं की." पुन्हा पाहणी होईल का, असं विचारल्यावर म्हणाले, होईल. तारीख मेलवर कळवू. आणि कधी कधी न कळवताही येतात.

सभा घ्यावीच लागली. मी मेल वाचून दाखवला आणि म्हणालो, चूक माझी आहे, त्यांना मीच परत पाठवलं. कोणीतरी मागून म्हणालं, जत्रेला जायचं होतं तर रविवारी जायचं. तेव्हा कोंडू काका उठले. ते कधी माझी बाजू घेत नाहीत. म्हणाले, "सर पानी वाहत व्हते तिथं. बैलाला. मी पन व्हतो." बैल का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेवटी एवढाच ठराव झाला की पुन्हा अधिकारी आले तर हुकू नयेत म्हणून फाटकावर दिवसभर कोणीतरी बसावं. काका म्हणाले, मी बसतो.

तेव्हापासून ते बसतात. खुर्ची, टोपी, गळ्यात जुनी शिट्टी. येणाऱ्या प्रत्येकाला "पान्याचे का?" असं विचारतात आणि नसेल तर नाव, गाव, काम विचारतात. दूधवाला, कुरिअरवाला, सुंदराबाईंचा जावई, सगळ्यांची उलटतपासणी झाली. जावई तर दोन दिवस राहायला आला होता, तो चहा घेऊनच परत गेला. बूट घातलेल्या माणसाला मात्र ते उठून नमस्कार करतात. परवा अशाच बुटांच्या एकाला त्यांनी पूर्ण इमारत फिरवून कोरड्या टाक्या दाखवल्या. तो विम्याचा निघाला.

काल टँकर आला. नेहमीचा ड्रायव्हर नव्हता, नवा माणूस होता. काकांनी शिट्टी मारून टँकर फाटकाबाहेर थांबवला आणि ओळखपत्र मागितलं. तो म्हणाला, टँकर दिसत नाय का तुमाला? काका म्हणाले, टँकर दिसतो, मानूस कोन ते सांग. शब्दाला शब्द वाढला. वरून आम्ही सगळे ओरडत होतो, पण काकांना ड्युटीवर असताना ऐकू येत नाही. त्या माणसानं टँकर वळवला आणि भरलेलाच घेऊन निघून गेला.

संध्याकाळपर्यंत इमारतीत प्यायलाही पाणी नव्हतं. सगळे सभासद डबे, हंडे, बादल्या घेऊन फाटकापाशी रस्त्याकडे डोळे लावून उभे होते, पोरं रडत होती, सुंदराबाई काकांना तोंडावर बोलत होत्या. त्या रांगेत रिकामी बादली धरून उभा असताना मला मनापासून वाटलं, पाहणी करायची होती तर त्या लोकांनी आज यायला हवं होतं.